सोबतीचा माणूस

गाव सोडलं त्या सकाळी आप्पा माझ्याबरोबर नंदुरबारच्या बसमध्ये चढले, तेव्हा फाट्यावरच्या सगळ्यांना नवल वाटलं. आमचे आप्पा केळीची बाग सोडून कुठे हलणारे नव्हेत. मुलीला कुठे जायचं असेल तर ते फाट्यापर्यंत यायचे, बस थांबली की एकेका खिडकीतून आत बघायचे, ओळखीचा चेहरा दिसला की त्याला आपल्या अहिराणीत म्हणायचे, "पोर शे, ध्यान ठेवज्यात," आणि बागेकडे परत वळायचे. आमच्याकडे हीच रीत. मुलगी एकटी पाठवत नाहीत, सोबतीला माणूस बघून देतात. त्या दिवशी मात्र आप्पांनी कुणालाच काही सांगितलं नाही. दोन तिकिटं काढली, माझी बॅग स्वतःच्या मांडीवर घेतली आणि नंदुरबार स्टेशनापर्यंत समोरच्या सीटची दांडी धरून बसून राहिले. सुरतेच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळवून दिली. गाडी हलली तेव्हा ते पाठमोरे झाले होते. सकाळी बस सुटली तेव्हा माय फाट्यावर उभी होती आणि दादाची दोन वर्षांची प्राची तिच्या कडेवर चॉकलेट चघळत होती.

हा प्रसंग मी पंधरा वर्षं सुरतेत कौतुकाने सांगत आले. माझ्या लॅबमधल्या बायका चहाच्या वेळी आपापल्या वडिलांच्या तऱ्हा सांगायच्या, कुणाच्या वडिलांनी दहावीनंतर घरी बसवलं, कुणाच्या वडिलांनी परस्पर लग्न ठरवलं. मग मी माझे आप्पा काढायचे. एकवीस वर्षांच्या मुलीला स्वतः गाडीत बसवून परराज्यात शिकायला पाठवणारे आप्पा. "मनीषाबेन, तमारा पप्पा तो बहु सारा," असं त्या म्हणायच्या आणि माझी मान ताठ व्हायची.

तुम्ही जे तापीकाठी राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे सुरतेला, नाशिकला, पुण्याला निघून गेलात, त्या सगळ्यांना हे लिहिते आहे. वाचून राग आला तर येऊ द्या. गावात सगळे म्हणतात की मनीषा नोकरीसाठी गेली. नोकरी नंतर मिळाली. मी गेले ती बसमुळे.

आमचं गाव प्रकाश्याच्या पुलाच्या अलीकडे, नदीच्या नंदुरबारकडच्या बाजूला. कॉलेज शहाद्याला. सकाळी सातची बस फाट्यावर यायची, पूल ओलांडायची, प्रकाश्याला देवदर्शनाला आलेली माणसं उतरायची, तितकीच नवी चढायची आणि पाऊण तासात शहादा. ऊस तोडणीच्या दिवसांत कारखान्याला निघालेल्या ट्रॅक्टरांमागे बस अडकली की तासभर. त्या बसमधला प्रत्येक माणूस मला ओळखत होता आणि मी त्याला. दुधाच्या कॅनवाले रमेशकाका, शाळेवर जाणाऱ्या मॅडम, बाजाराला भाजी नेणाऱ्या बाया, आणि तात्या. तात्या आमच्याच गावचे, शहाद्याला एका ऑफिसात कारकून; जागा मिळावी म्हणून फाट्याच्या आधीच्या थांब्यावर जाऊन चढायचे. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, हातात स्टीलचा डबा. गावात कुणाचं भांडण झालं तर मिटवायला तात्या. कुणाचा अर्ज लिहायचा तर तात्या. बसमध्ये कुणी म्हातारी उभी दिसली की स्वतःची जागा तिला देऊन तात्या उभे राहायचे. उभे राहायचे ते माझ्या मागे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, गर्दी आहे. दुसऱ्या दिवशीही वाटलं. आठवड्यात कळलं की गर्दी नसलेल्या दिवशीही गर्दी होते. मी पुढे सरकले की ते पुढे. मी दांडी बदलली की तेही. आणि वर तोंडाने मोठ्यांदा चालूच, "बेटा, सांभाळीसन उभी ऱ्हाय, डायवर जोरमा ब्रेक मारस." बसला ऐकू जायचं ते एवढंच.

महिनाभराने मी मायला सांगितलं. पण काय सांगितलं, ते नीट लिहायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. मी म्हणाले, "माय, बसमा गर्दी व्हस. लोके आंगवर पडतस." लोके. नाव घेतलं नाही. कसं घेणार होते? तात्यांच्या पुतण्याशी माझ्या मोठ्या ताईची बोलणी चालली होती. नारळ-सुपारी व्हायची बाकी होती. माझ्या जिभेवर ते नाव आलं असतं तर ताईची सोयरीक मोडली असती आणि माझं कॉलेजही त्याच दिवशी बंद झालं असतं. मला कॉलेज हवं होतं. अठरा वर्षांची होते, बीएस्सी करून प्रयोगशाळेत काम करायचं एवढंच डोक्यात होतं. मी गप्प बसले ती लाजेने, असं सगळ्यांना वाटायला आवडतं. भीतीने बसले. तात्यांची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती घरी बसवलं जाण्याची होती.

मायने ते आप्पांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्याबरोबर फाट्यावर आले. बस थांबली. आप्पांनी खिडकीखिडकीतून पाहिलं आणि त्यांना हवा तो माणूस सापडला. सगळ्या बसमध्ये सगळ्यात भला, सगळ्यात वयस्क, उद्याचा सोयरा. मी चार पावलांवर उभी होते. आप्पा म्हणाले, "तात्या, पोरले गर्दीमा तरास व्हस. जराशी ध्यान ठेवज्यात. आपला जोडे बठाडी लेत जा." आणि तात्या म्हणाले, "आप्पा, तुन्ही पोर आनि मन्ही पोर काय अल्लग शे का?"

कुंपणानेच शेत खाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. त्या दिवसापासून माझी जागा तात्यांच्या शेजारी ठरली. खिडकीकडे मी, बाहेरच्या बाजूला ते, म्हणजे उठायचं तर त्यांना ओलांडून. रुमाल टाकून ते जागा धरायचे. कुणी बसायला गेलं तर म्हणायचे, "नही नही, पाटीलनी पोर येवाव शे." बस कौतुकाने मान डोलवायची. पाऊण तास मांडीवर दप्तर, दप्तराखाली माझे दोन्ही हात, आणि हातांखाली जे चालायचं त्याच्याशी झगडा. तोंडातून आवाज न काढता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो. कॉलेजात पहिल्या तासाला मला काही लिहायला यायचं नाही, बोटं आखडलेली असायची.

आता त्या बसबद्दल. कुणाला दिसत नव्हतं असं कुणी मला सांगू नका. आमच्या भागात कुणाच्या घरी पाहुणा आला, त्याने काय आणलं, ते संध्याकाळपर्यंत तीन गावांना कळतं. कुणाच्या विहिरीला किती हात पाणी लागलं ते न बघता सांगतात. आणि दोन फुटांवरचं कुणाला दिसलं नाही? रमेशकाका आमच्या मागच्या सीटवर बसायचे. एके दिवशी त्यांनी आपला कॅन उचलला आणि जागा बदलली. पार मागे जाऊन बसले. बिचाऱ्यांना बघवलं नसेल.

शाळेच्या मॅडम आमच्या पुढच्या सीटवर. त्यांनी मला सातवीला शिकवलं होतं. एकदा माझ्या तोंडून चुकून "नको" निघालं. हळूच, पण निघालं. मॅडम वळल्या. माझ्याकडे पाहिलं, दप्तराकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहिले, कारण मला वाटलं की झालं, आता हे संपलं. मॅडमनी पदर सारखा केला, पुढे वळल्या आणि पर्समधून गृहपाठाच्या वह्या काढून तपासायला लागल्या. त्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांचं प्रमोशन, त्यांची बदली, त्यांची मुलगी, असं काहीतरी त्यांनाही असणार. माझ्या बाबतीत प्रत्येकाला काहीतरी असायचं.

पुलावर बस आली की सगळे तापीमायला हात जोडायचे. म्हाताऱ्या खिडकीतून नाणं टाकायच्या, ड्रायव्हरही स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावायचा. डोळे मिटून सगळी बस गप्प व्हायची. तात्या एका हाताने नमस्कार करायचे.

दुसऱ्या वर्षी मी मायला नाव सांगितलं. चुलीपुढे बसून ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मग म्हणाली, "उगीमुगी ऱ्हाय. ताईनं लगीन व्हई जाऊ दे. तुन्हा आप्पाले मालूम पडनं ते तुन्हं कॉलेज बंद व्हई." झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मायला दोष देत नाही, असं पुष्कळ वर्षं म्हणत होते. आता देते. तिने मला एक जुनी छत्री दिली, मध्ये ठेवायला. उन्हाळ्यातसुद्धा मी छत्री घेऊन कॉलेजला जायचे आणि वर्गातल्या मुली हसायच्या.

ताईचं लग्न झालं. तात्या लग्नात वरपक्षाकडून मिरवले. त्यांना आमच्या आप्पांनी टोपी-टॉवेल दिला, मी पाया पडले. त्यानंतर सहा महिन्यांत माझी बीएस्सी झाली आणि एके दुपारी आप्पा आपणहून म्हणाले, "सुरतले तुन्ही मावशी शे. तठे लॅबना कोर्स करी ले." मागितलं नसताना मिळालं. आमच्या भावकीत मुलीला इतक्या लांब कुणी पाठवलं नव्हतं. चुलत्यांनी तोंडं वाकडी केली तरी आप्पा ऐकेनात. मला केवढा अभिमान वाटला होता त्यांचा.

सुरतेला उधन्यात मावशीकडे राहिले, कोर्स केला, लॅबला लागले, लग्न केलं. नवरा धुळ्याकडचा, मिलमध्ये सुपरवायझर, बरा माणूस. सकाळच्या शिफ्टला सँपल घेते, दुपारी रिपोर्ट टाइप करते. गल्लीतल्या भाजीवालीशी गुजराती, नवऱ्याशी मराठी, मावशीशी अहिराणी, आणि पेशंटशी या सगळ्यांची मिसळ. पहिली काही वर्षं मला या शहराचं फार कौतुक होतं. इथे बायका रात्रपाळी करतात, स्कूटर चालवतात, तोंडाला ओढणी बांधून कुठेही जातात. सिटी बसमध्ये कुणी मला ओळखत नव्हतं आणि कुणाशी माझी सोयरीक नव्हती. मला वाटायचं, गावात सगळे ओळखतात म्हणून कुणी बोलत नाही. इथे कुणी कुणाचं नाही, तर इथे बोलतील.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची वेळ, लॅबला निघालेली. बसमध्ये माझ्यापासून दोन हातांवर एक मुलगी उभी होती, कॉलेजची, गळ्यात आयकार्ड. तिच्या मागे एक माणूस, चाळिशीचा, हातात लॅपटॉपची बॅग. मला दुसरं काही बघायची गरज पडली नाही. तिचे खांदे वर चढले होते आणि मान आत गेली होती. ते खांदे मला पाठ आहेत. ती पुढे सरकली, तो सरकला. तिने दांडी बदलली. मग तिने इकडे तिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

मी मोबाईल काढला. लॅबच्या ग्रुपवर कुणीतरी रिपोर्टचं विचारलं होतं, त्याला उत्तर लिहिलं. दोन ओळींचं उत्तर मी चार वेळा खोडून लिहिलं. काय वाटलं तेव्हा? वाटलं, मराठी बाई गुजरातेत भांडण काढते म्हणतील. वाटलं, शिफ्टला उशीर होईल. वाटलं, ती स्वतः का बोलत नाही. हेही वाटलं, खोटं कशाला सांगू. माझा स्टॉप यायला अजून एक स्टॉप होता, मी अलीकडेच उतरले आणि उरलेलं अंतर चालत गेले. तीन पेशंटांच्या नसा मला त्या दिवशी सापडल्या नाहीत. मॅडमना मी पंधरा वर्षं मनात शिव्या घातल्या होत्या. निदान त्या त्यांच्या स्टॉपपर्यंत बसून तरी राहायच्या.

हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आणि या पावसाळ्याच्या शेवटी दादाचा फोन आला. प्राची आता सतरा वर्षांची, त्याच बसने शहाद्याला बारावी सायन्सला जाते. आठ दिवस झाले, कॉलेजला जात नाही म्हणते. कारण सांगत नाही, जेवत नाही. "तुन्हं ऐकस ती. तू इचार," दादा म्हणाला. मी फोन प्राचीला द्यायला सांगितला. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ती "फुई" एवढं म्हणाली आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. विचारायची काही गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी नंदुरबारची गाडी पकडली.

तात्या कधीच रिटायर झालेत. गुडघे गेले, ओसरीवर बसून नातवंडं खेळवतात. पण बसमधली त्यांची जागा काही रिकामी राहिली नाही. आता दुसरा एक आहे, त्यांच्यापेक्षा तरुण, दुकानदार. प्राचीने मला मागच्या अंगणात हे सगळं सांगितलं, एका दमात, रडता रडता. कंडक्टर वेगळा आहे, कॅनवाल्याच्या जागी त्याचा भाऊ आहे. बाकी सगळं तसंच.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा दादाने आपला निर्णय सांगितला. प्राचीने घरूनच परीक्षा द्यावी, बसचा नाद सोडावा. एक स्थळही सांगून आलंय, बघून ठेवायला काय हरकत आहे. वहिनी भाजी वाढत राहिली. मायने भाकरीचा तुकडा मोडला. आणि मी ताट बाजूला सारलं. माझ्या तोंडून ते नाव निघालं, सगळ्यांच्या देखत, आप्पांच्या देखत. तीन वर्षं रोज काय झालं ते मी सांगितलं. सोबत म्हणून कुणाला दिलं होतं तेही सांगितलं. आवाज चढला होता माझा, शेजारी ऐकत असतील तर ऐकू देत असं वाटत होतं.

दादाचा घास हातातच राहिला. तो काही बोलणार इतक्यात खाटेवरून आप्पा म्हणाले, "माले मालूम व्हतं."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. आप्पा भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "कंडक्टरनी सांगं व्हतं माले. फाटावर, चहाना गाडावर. ताईनं लगीन ठरेल व्हतं. मी काय करतू?" मग, जरा रागानेच, "तुले आठून काढं ना मी? सुरतले धाडी दिनं ना? भावकीना इरोधमा धाडं."

म्हणजे त्यांना कळल्यानंतरही सहा-आठ महिने मी रोज त्या सीटवर बसत होते. ते मला फाट्यावर सोडायला येत होते आणि खिडकीतून तात्यांना रामराम घालत होते. लग्न पार पडलं आणि मग त्यांनी बंदोबस्त केला. तात्यांना एक शब्द बोलले नाहीत. मुलगी उचलली आणि दोनशे किलोमीटर लांब नेऊन ठेवली. त्यांच्या दृष्टीने त्यांनी मला वाचवलं होतं, आणि ते खोटंही नाही, मी वाचले. फक्त ज्या गोष्टीचा मी आयुष्यभर अभिमान बाळगला ती गोष्ट मुळात ही होती. नंदुरबारपर्यंत ते नुसती दांडी धरून का बसले होते, तेही मला तेव्हा कळलं. मी हात धुतले आणि बाहेर गेले.

सकाळी उठून मी प्राचीला म्हटलं, चल माझ्याबरोबर सुरतेला. तिथे कॉलेजं आहेत, माझ्या घरात एक खोली आहे, तुझा मी सगळा खर्च करीन. मला वाटलं ती गळ्यात पडेल. ती कपडे वाळत घालत होती. एक सदरा झटकला, तारेवर टाकला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फुई, मी काबर जाऊ? तो काबर नही जात?"

मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, "तू गई. मंग काय बदलनं? त्या जागावर आते मी बठस." आणि मग जे विचारलं ते विचारताना तिने हातातलं काम थांबवलं. "तुले ते सगळं मालूम व्हतं ना? मी अकरावीले लागनी तव्हय तू मन्हासाठी सुरतहून नवी बॅग धाडी. बसनं काबर नही सांगं?"

बॅग मी खरंच पाठवली होती, भारीतली, तीन कप्प्यांची. ती कुरियरला देताना माझ्या मनात बस आली होती, पूल आला होता, आणि मी स्वतःची समजूत घातली होती की आता काळ बदललाय. आप्पा बोलले नाहीत, माय बोलली नाही, मॅडम बोलल्या नाहीत, त्या सगळ्यांचा मी हिशेब मांडत होते आणि त्या यादीत माझं नाव मला या पोरीने वाचून दाखवलं.

तिने घरात जाऊन बापाला सांगितलं की सोमवारपासून मी कॉलेजला जाणार, त्याच बसने. दादा चिडला, ओरडला, शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, आता ही तुन्ही जबाबदारी. मी सुरतेला परत निघाले तेव्हा प्राची फाट्यावर आली. म्हणाली, "तू रोज बसमा बठी नही शकत. ते फोनमा बठ."

आता गावाशी माझं काय नातं राहिलंय ते सांगते. ताईचा फोन आला होता. तात्यांच्या घरात गोष्ट पोचली, तिच्या सासरी तमाशा झाला. ताई म्हणाली, पंधरा वर्षं गप्प बसलीस तर आणखी पंधरा बसायचं होतंस. दिवाळीला येऊ नकोस, असं आप्पांनी दादाकरवी कळवलं. माय अधूनमधून शेजारणीच्या मोबाईलवरून बोलते, तब्येतीचं विचारते, बाकी काही नाही. केळीची बाग, पूल, म्हसावदला मामाचं घर, यातलं काहीही मला आता आठवावंसं वाटत नाही. घर म्हणून जे उरलंय ते सकाळी सात ते पावणेआठ एवढंच. त्या वेळात प्राचीचा फोन चालू असतो. ती तिच्या बसमध्ये, मी माझ्या. ती मुद्दाम मोठ्याने बोलते, कॅन्टीनचं, प्रॅक्टिकलचं, मैत्रिणींचं. मी हं हं म्हणत राहते आणि तिच्या आवाजाच्या मागचं सगळं कान देऊन ऐकते.

गेल्या गुरुवारी ती केमिस्ट्रीच्या सरांची नक्कल करत होती. मध्येच थांबली. मग तिचा आवाज आला, शाळेत धडा वाचतात तशा स्वच्छ मराठीत, "तुमचा हात काढा."

बसच्या काचांचा खडखडाट ऐकू येत होता. माणसाचा आवाज एकही नाही. चाळीस-पन्नास माणसं असतील त्या बसमध्ये.

"मी सांगते आहे, हात काढा."

मग एका बाईचा आवाज आला, मायेचाच होता. "पोरी, जाऊ दे ना. तू आठे ये, मन्हा जोडे बठ."

"मी नही उठनार," प्राची म्हणाली. "त्याले उठाडा."

पुन्हा काचांचा खडखडाट. माझ्या बसमध्ये मी उभी होते, एक हात दांडीला. "उठू नको, प्राची," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने निघालं की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. आजूबाजूची माणसं माझ्याकडे वळली. पाहिलं त्यांनी मला नीट, खालपासून वरपर्यंत. एका बाईने तिच्या मुलाला जवळ ओढलं. मग एकेकजण आपापल्या मोबाईलकडे वळला.

तिकडून अजूनही कुणी काही बोललेलं नव्हतं. प्राची तिसऱ्यांदा म्हणाली, "त्याले उठाडा." तिचा स्टॉप यायला अजून पंधरा मिनिटं होती.